दया आणि जाण

भूतदया हा शब्द आपणा सर्वांच्या तोंडी आहे. परंतु नुसत्या दयेने जीव वाचतो काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. शेतात सापडणाऱ्या हरणाच्या पाडसाचा विचार केला म्हणजे हा प्रश्न नीट उलगडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचा विस्तार अवघा २.१७ चौरस किलोमीटर. हरणाला सरकारी हद्द कुठून कळणार? कळप भोवतालच्या ज्वारी-हरभऱ्यात उतरतात. पूर्वीचे मोकळे माळ कुठे नांगराखाली गेले, कुठे पाणी आले आणि ऊस उभा राहिला. काळवीट हा उघड्या माळाचा जीव. दूरवर पाहावे आणि वेळेवर पळावे, हेच त्याचे संरक्षण. उसाच्या गचपणात ते चालत नाही. तेव्हा माळ सरला तिथे मादीने पिलू लपवायचे कुठे? बांधाच्या गवतात, नाहीतर आपल्या पिकात.

मादीला एका वेळी बहुधा एकच पाडस होते. पहिले काही दिवस त्याला कळपाबरोबर धावता येत नाही. म्हणून आई त्याला दडवून लांब चरायला जाते आणि मधूनमधून येऊन पाजते. ती जवळ उभी राहिली तर लांडग्याला जागा कळेल. पाडसही मान टाकून निपचित पडून राहते. ही त्या दोघांची जन्मजात शहाणीव आहे.

आपण मात्र पाहतो आणि म्हणतो, "बिचारं लेकरू! आई टाकून गेली वाटतं." मग उचलून घरी आणतो, गाईचे दूध पाजतो. असे पाडस बहुधा जगत नाही. जगले तरी माणसाळलेले पाडस रानात टिकणे कठीण. इकडे आई येऊन मोकळी जागा हुंगत राहते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट बाळगणे हा गुन्हा आहे, ते वेगळेच.

आता जर्मनीची गोष्ट पाहा. तिथे रो नावाच्या लहान हरणाची पाडसे मे-जूनमध्ये कुरणात जन्मतात आणि त्याच सुमारास गवत कापण्याची यंत्रे फिरू लागतात. लांडग्याकोल्ह्यापासून वाचवणारे निपचित पडणे यंत्रापुढे घात करते. दरवर्षी हजारो पाडसे अशी मरतात. म्हणून पहाटे, जमीन थंड असताना, उष्णता टिपणारा कॅमेरा ड्रोनला लावून ती शोधतात. हातमोजे घालून, मधे गवताची पेंढी धरून पाडसाला उचलतात, म्हणजे माणसाचा वास लागत नाही. आणि कापणी झाली की त्याच कुरणाच्या कडेला सोडतात.

कोणी म्हणेल, तिथे उचलणे पुण्य आणि इथे उचलणे पाप, हा कुठला न्याय? याचे उत्तर असे, की पुण्य उचलण्यातही नाही आणि न उचलण्यातही नाही. समोरच्या जिवाला काय हवे हे ओळखण्यात ते आहे. आपल्या मनाची कळवळ शमावी म्हणून केलेली दया ही अर्धी आपल्याच सुखासाठी असते. जाण नसलेली दया आणि क्रूरता यांचे फळ त्या पाडसाच्या पदरी एकच पडते.

दुसरा कोणी विचारील, कळप पीक खातात त्याचे काय? नुकसान खरे आहे. त्यासाठी रान राखावे, वनखात्याकडे भरपाई मागावी. पण चार दिवसांच्या पाडसाने तुमचे कणीस खाल्लेले नाही.

विळ्याने कापणारा वाकलेला असतो, त्याला पाडस दिसते. यंत्रावर बसलेल्याला ते दिसत नाही. म्हणून यंत्र लावण्याआधी रानातून एक फेरी मारावी. पाडस दिसले तर हात न लावता दूर व्हावे, कुत्री बांधून ठेवावीत, तेवढा तुकडा शेवटी कापावा. उघड्या विहिरीला कठडा घालावा. पाडस जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली, तरच वनखात्याला कळवावे.

एवढे करायला धन लागत नाही, थोडा धीर लागतो. धावून जाणे सोपे असते. लेकराची आई येईपर्यंत बाजूला थांबणे, हेच अवघड.