नावाआधीची ओळ

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल. हात मांडीवर मोकळे सोडा.

श्वास आत येतो आहे. येऊ द्या. बाहेर जातो आहे. जाऊ द्या.

आता समोर एक वही आहे. कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, याची जुनी नोंदवही. गाव रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा.

अजून उघडू नका. नुसती पाहा.

कागद पिवळा पडला आहे. कडा झिजल्या आहेत. पान जोरात उलटलं तर कोपरा हातात येईल, इतका तो ठिसूळ आहे. वास येतो आहे. धूळ, जुनी शाई, बांधलेलं कापड. तो वास आत घ्या.

अशा वहीपाशी माणसं घाईत येतात. मुलाचं ॲडमिशन असतं, जात पडताळणीचा अर्ज असतो, शेवटची तारीख जवळ आलेली असते. अनुसूचित जातीला 1950 च्या आधीचा कागद लागतो, भटक्या-विमुक्तांना 1961 च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांना 1967 च्या आधीचा. आजोबांची ओळ सापडली की नक्कल, शिक्का, सही, आणि परतीची एसटी. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, तेव्हापासून तर कितीतरी जुनी दप्तरं फडताळातून खाली उतरली. ते काम गरजेचंच आहे. ज्याचं शिक्षण एका ओळीवर अडलं आहे, त्यानं ती आधी शोधावी.

आज मात्र तुम्हाला नक्कल काढायची नाही. आज एकाच ओळीपाशी थांबायचं आहे.

उघडा पान.

अक्षर मोडी आहे. वाचता आलं नाही तरी हरकत नाही. आधी वरची आडवी रेघ पाहा. लिहिणाऱ्यानं आधी ती ओढून घेतली, मग तिच्याखाली अक्षरं उतरवली. हात फारसा उचललेला नाही. एका अक्षरातून दुसरं निघालं आहे, दुसऱ्यातून तिसरं. ऱ्हस्व-दीर्घापाशी तो अडत नाही.

नजर रेघेवरून हळूहळू पुढे न्या.

शाई जिथे दाट आहे, तिथे टाक नुकताच दौतीत बुडाला होता. पुढे ती फिकी होत जाते. मग पुन्हा दाट. पुन्हा फिकी.

तुमचा श्वासही असाच भरतो आहे, ओसरतो आहे.

आता ओळ वाचू या. तारीख आहे. श्रावणातली असावी. बापाचं नाव आहे. पुढे ‘वल्द’, आणि बापाच्या बापाचं नाव. जात आहे. आणि शेवटी दोन शब्द: यास मुलगी.

तिचं नाव नाही.

इथे थांबा. पान उलटू नका.

नाव का नाही, असं मन लगेच विचारील. विचारू द्या. उत्तर साधं आहे. कोतवाल जन्माची खबर नेतो. बारसं बाराव्या दिवशी. ओळीवरची शाई वाळली, तेव्हा मुलीला नाव ठेवायचंच होतं. मुलग्यांच्या ओळीही पुष्कळदा अशाच असतात. यास मुलगा. एवढंच. आपले आजोबा, पणजोबा या वहीत आले ते बिननावाचे आले.

दूर इंग्लंडमध्ये वेगळं घडलं. 1538 साली थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं वही ठेवावी, आणि दर रविवारी आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तीत लिहावीत. तिथे पाद्री बाप्तिस्मा लिहीत होता, म्हणजे मूल वहीत शिरलं ते नाव घेऊनच. म्हणून तिकडची माणसं चारशे वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसाला नावानं हुडकतात. त्या वह्यांचं मला फार अप्रूप वाटतं. तरी रोहण्याच्या या ओळीपाशी मी जास्त वेळ बसू शकते. नावाआधीचं माणूस इथे दिसतं.

पाहा तिला.

मातीच्या भिंतींची खोली. दार लोटलेलं. बाहेर पाऊस लागून आहे. वावरात पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली आहे, काळी माती पायाला धरून ठेवते. आत बाजेवर आई आहे. चुलीवर पाणी गरम होतं आहे. सुईण हात धुते आहे.

आणि एक रडणं. बारीक, पण पुरतं.

ते ऐका. वहीत ते नाही. तरी ऐका.

पाचवीची रात्र येते. पाट मांडला जातो. कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाते. रात्री सटवाई येईल आणि पोरीच्या कपाळावर लिहून जाईल, असं घर मानतं. ते लिहिलेलं कोणालाच वाचता येत नाही. सकाळी कागद तसाच कोरा असतो.

त्या कोऱ्या कागदाकडे पाहा.

श्वास आत. श्वास बाहेर.

मग बारावा दिवस. बाया जमल्या आहेत. पाळणा हलतो आहे. आत्या पाळण्यावर वाकते, पोरीच्या कानाशी तोंड नेते, आणि नाव सांगते. पहिल्यांदा. हळू आवाजात.

तुम्ही जवळच उभे आहात. नाव तुमच्यापर्यंत आलं नाही. आत्याचे ओठ हललेले मात्र दिसले.

तसेच उभे राहा. काही वेळ काहीच मिळवू नका.

आता ओळीकडे परत या. ती कोणाच्या तोंडून आली, ते ऐकायचं आहे.

बहुतेक गावांत कोतवाल महार असे. तोच गावभर फिरे. दवंडी तोच देई, साहेबाच्या मुक्कामाची व्यवस्था तोच पाही, रात्रीची गस्तही त्याचीच. कोणाकडे पाळणा हलला, कोणाकडे रडारड झाली, हे त्याला आधी कळे. तो या घराशी आला. अंगणाबाहेर उभा राहिला. ओसरीवर पाय ठेवायची त्याला मुभा नव्हती. गावाच्या विहिरीला हात लावायची नव्हती.

त्यानं लांबूनच विचारलं असेल. कोणीतरी आतूनच सांगितलं असेल: पोरगी झाली.

त्यानं ते लक्षात ठेवलं. बहुधा त्याला लिहिता येत नव्हतं. ठरल्या दिवशी तो ठाण्याकडे निघाला. सारं गाव डोक्यात घेऊन तो चालला. याच्याकडे मुलगा, त्याच्याकडे मुलगी, त्याची म्हातारी गेली, यांचं लेकरू तापानं गेलं. एकही विसरायचं नव्हतं.

त्याच्याबरोबर थोडं चाला.

चिखल आहे. धुऱ्यावर गवत ओलं आहे. त्याच्या खांद्यावर घोंगडं आहे. तो मनातल्या मनात नावं घोळवतो आहे. पाऊल, नाव. पाऊल, नाव.

ठाण्यात तो बोलतो आणि दुसरा कोणी लिहितो. आपण वाचतो ते अक्षर त्या लिहिणाऱ्याचं. सांगणं कोतवालाचं. त्याच्या स्वतःच्या घरी लेकरू जन्मलं, गेलं, ती खबरही त्यालाच इथे आणून द्यावी लागली, आणि ती ओळही इतरांच्या ओळींमध्ये तेवढीच लांब आहे.

ती ओळ शोधू नका. ती आहे, एवढं मनात राहू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता मृत्यूंची वही. तिच्यात फार वेळ राहायचं नाही. एकच पान. 1918, पावसाळा संपल्यानंतरचे दिवस. लोक त्या साथीला मानमोडी म्हणत. मध्यप्रांतात तिनं फार माणसं नेली. कारणाच्या रकान्यात लिहिणाऱ्याला दुसरा शब्द नव्हता. ताप. ताप. ताप. खाली तेच. पलीकडच्या पानावर तेच.

एकेक ‘ताप’ स्वतंत्र वाचा. दोन नोंदींच्या मध्ये श्वास घ्या. त्या वेळी लिहिणाऱ्याला तेवढी उसंत मिळाली नसेल. तुम्हाला आहे.

वही मिटा. हात तिच्यावरच राहू द्या.

त्या मुलीचं पुढे काय झालं? हा प्रश्न हातात धरा, उत्तराला ओढू नका. ती शाळेत गेली असती, तर दाखल-खारीज रजिस्टरात तिचं नाव असतं. त्या काळी गावातल्या फार थोड्या मुली जात. मग लग्न. बैलगाडीनं, नाहीतर पुलगाव-आर्वी छोट्या गाडीनं, ती रोहण्याच्या वहीतून निघून गेली. सासरी कदाचित नाव बदललं. दुसऱ्या गावच्या वहीत ती पुढे येईल ती कोणाची ‘जौजे’ म्हणून, आणि नवरा आधी गेला तर ‘बेवा’ म्हणून. दोन वह्यांमधला धागा कोणी बांधून ठेवलेला नाही. मुलग्याला वल्दवरून मागे मागे जाता येतं. तिला तसं जाता येत नाही. घरोघरच्या वंशावळी पाहा. बापाकडून बापाकडे रेघा जातात, आणि त्या रेघांच्या शेजारी जागा मोकळी सुटलेली असते. मला ती मोकळी जागा सलते.

सल असेल तर असू द्या. तिच्यासोबत बसा.

गावाच्या डोक्यावरचं राज्य बदलत गेलं. मध्यप्रांत, मग मध्यप्रदेश, 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. 1951 ला मालगुजारी गेली. 1969 च्या कायद्यानं जन्म-मृत्यूची नोंद नव्या घडीत बसवली, आणि गावोगाव ती ग्रामपंचायतीत होऊ लागली. आजही जन्माची नोंद नावाशिवाय होऊ शकते. नाव मागाहून, पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं. त्या मुलीच्या ओळीत मात्र मागाहून कोणी काही भरलेलं नाही.

डोळे मिटा. तुमच्या आईला आठवा. तिचा चेहरा नीट येऊ द्या.

आता तिच्या आईला. आवाज आठवतो का? हात आठवतात का?

आता तिच्या आईला.

इथे बहुतेकांना अंधार लागतो. मलाही लागतो. चेहरा येत नाही, नाव येत नाही. घाबरू नका. अंधारात दोन श्वास थांबा. त्या जागी कोणीतरी होतं. तिलाही कोणीतरी कानात नाव सांगितलं होतं. ती त्या नावाला ओ देत होती. विहिरीवर, वावरात, जात्यावर. कोणी हाक मारली की मान वळवत होती.

ऐका.

काही ऐकू आलं नाही तरी ऐकत राहा.

मग डोळे उघडा. पाय जमिनीला लागले आहेत, ते पाहा. खोलीतला उजेड पाहा.

घरात कोणी म्हातारी बाई असेल, आजी, मोठी आई, आत्या, तर आज तिच्याजवळ जाऊन बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तिला तिच्या आजीचं नाव विचारा. लगेच आठवणार नाही. गप्प बसून राहा. ती आधी दुसरंच काही सांगेल, एखाद्या दुष्काळाचं, एखाद्या गाईचं, भावांच्या भांडणाचं. ते सगळं ऐका. मध्ये तोडू नका. नाव बहुधा त्यातूनच निघेल.

निघालं की तिच्यासमोर लिहा. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही. गाव लिहा, तालुका लिहा. ते नाव ठेवलं कोणी, हे तिला माहीत असेल तर त्या आत्याचंही नाव लिहून घ्या.