चकाकीची बाटली आणि दोन बादल्या पाणी

चि. राणीस,



तू पाठवलेली चकाकीच्या बाटलीची जाहिरात मी दोनदा पाहिली, एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून, कारण आवाज बंद केला की समोर नेमकं काय चाललंय ते जास्त नीट दिसतं. धुळीने माखलेली गाडी, तिच्यावर दोन फवारे, कापडाचा एक हात, की बॉनेटमध्ये आभाळ दिसायला लागतं. आणि खाली उलटं धावणारं घड्याळ, तेवढ्या मिनिटांत मागवली तर एका बाटलीवर दुसरी मोफत. आधी मागवून मग सांगण्याऐवजी तू ‘आबा, घेऊ का?’ म्हणून विचारलंस याचं मला नवल वाटलं नाही, तू लहानपणापासून तशीच आहेस. मला धास्ती आहे ती फक्त त्या घड्याळाची. तेव्हा आज सवडीने लिहितो, तूही चहा घेऊन बस आणि सवडीनेच वाच.

तू रोज ज्या चाकणला जातेस ते मी कामाला लागलो तेव्हा कांद्या-बटाट्याच्या बाजाराचं गाव होतं. गाड्या बनायच्या त्या आपल्या पिंपरी-चिंचवडला, आकुर्डीला बजाज होती, १९६६ साली टेल्को आली. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तो २००९ मध्ये, महिंद्राचा त्याच्या पुढच्या वर्षी. पण कारखाना कुणाचाही असो, त्यात एक खातं असं असतं की तिथे वाटेल त्याला आत सोडत नाहीत, ते म्हणजे पेंट शॉप. माझी उभी नोकरी त्याच खात्यात गेली. आत जाताना अंगात धागा न सुटणारा डगला, केस टोपीखाली, आणि वाऱ्याच्या झोतातून अंगावरची धूळ झटकून मगच पुढे पाऊल. हाताला क्रीम नाही, अंगाला सेंट नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे तुझी आजी हौसेने माझ्या डोक्यावर तेल थापायची आणि सुट्टी संपायच्या आत मी ते शिकेकाईने काढत बसायचो. ती म्हणायची, नवऱ्यापेक्षा यांची कंपनीच जास्त सोवळ्याची आहे.

त्या सोवळ्याचं मोठं कारण होतं सिलिकॉन. क्रीममध्ये, सेंटमध्ये, कसल्या कसल्या फवाऱ्यांत ते असतं, आणि त्याचा इतकासा अंश जरी रंगाखाली आला तरी ओला रंग तिथून मागे सरकतो आणि गोल खड्डा पडतो. आम्ही त्याला क्रेटर म्हणायचो, गॅरेजवाले फिश आय म्हणतात. मग तेवढा भाग घासा, पुसा, पुन्हा रंगवा, पुन्हा ओव्हनला पाठवा, आणि सुपरवायझर प्रत्येकाच्या हातांचा वास घेत फिरणार. आता गंमत अशी की ज्या सिलिकॉनला आम्ही दारातून आत येऊ देत नव्हतो, तेच अशा बहुतेक बाटल्यांतून विकत मिळतं आणि लोक ते हौसेने गाडीला चोळतात. तयार रंगावर लागलेलं सिलिकॉन रंगाला खात नाही, हे खरं. पण उद्या कुठे गाडी घासली आणि भोसरीच्या एखाद्या गॅरेजात दरवाजा रंगवायला द्यावा लागला, तर रंगाऱ्याला आठवणीने सांगावं लागेल की बाबा, यावर मी अमुक मारलेलं आहे. त्याने सॉल्व्हंटने नीट पुसून घेतलं नाही, तर नव्या रंगाला तेच खड्डे.

गाडीची खरी चमक कुठे असते, तेही समजून घे. बॉडी धुऊन, फॉस्फेटिंग करून सीईडीच्या टाकीत बुडवतात, तिथे विजेच्या जोरावर पहिला थर कानाकोपऱ्यात जाऊन बसतो. त्यावर बहुतेक ठिकाणी सर्फेसर, मग रंगाचा बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, जो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये भाजून पक्का होतो. सगळे थर मिळून जाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, आणि त्यातला क्लिअर कोट चाळीसेक मायक्रॉनचा. तुला दिसते ती चमक या चाळीस मायक्रॉनची. गाडीच्या किमतीत तू ती आधीच विकत घेतलेली आहेस, आता फक्त ओरबाडून घालवायची नाही.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या ॲम्बेसेडरला, पद्मिनीला वर पारदर्शक थर नसायचा, रंगच उन्हात उघडा पडलेला. काही वर्षांत तो पांढुरका व्हायचा आणि पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा. म्हणून ज्याच्याकडे मोटार तो रविवारी मेणाची डबी घेऊन अंगणात बसलेला दिसायचा. ती गरज खरी होती. आताच्या क्लिअर कोटमध्ये ऊन झेलणारी द्रव्यं मुळातच घातलेली असतात, पण जाहिरातवाले धाक मात्र अजून पन्नास वर्षांपूर्वीचाच दाखवतात.

बाटलीत असतं काय? मुख्यतः पाणी. त्यात सिलिकॉन तेलाचं इमल्शन किंवा थोडं मेण, हल्ली ‘सिरॅमिक’ लिहिलेलं असेल तर सिलिकाच्या जातीचं काही रेझिन, थोडं सॉल्व्हंट, आणि वास. हे पुसून घेतलं की बारीक ओरखड्यांमध्ये ते भरतं, उजेड वेडावाकडा फुटत नाही आणि रंग गडद दिसतो. आपल्या जुन्या घरातली शहाबादी फरशी पुसल्या पुसल्या कशी काळीभोर दिसायची आणि वाळली की पुन्हा करडी, तसंच हे. ओरखडा जागच्या जागी असतो. मी याला निव्वळ फसवणूक म्हणणार नाही, कारण पाणी खरोखर ओघळून जातं, बॉनेटवर हात गुळगुळीत फिरतो, आणि काही आठवडे ते टिकतंही. पण आपल्याकडच्या एका पावसाळ्यापुढे त्याचं काय चालणार!

आणि ते ‘नाइन एच’ जे ठळक अक्षरात, वर हिऱ्याचं चित्र काढून लिहितात ना, ती पेन्सिलची कठीणता आहे. आमच्या लॅबमध्ये रंगाच्या पत्र्यावर वेगवेगळ्या पेन्सिली तिरप्या धरून ओढायचे आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघायचे. हिरा ज्या मोजपट्टीवर दहावा येतो ती मोह्सची पट्टी निराळी, तिच्यावर साधी वाळू म्हणजे क्वार्ट्झ सातव्या जागी आहे. पेन्सिलला दाद न देणारा थर वाळूला दाद देणार नाही असं मुळीच नाही. काही जाहिरातींत बॉनेटवर पेट्रोलजातीचं काही ओतून पेटवूनही दाखवतात. अगं, जो रंग १४० अंशांत भाजून निघालाय, त्याला क्षणभराची वरवरची ज्वाळा काय करणार, बाटली मारलेली असो वा नसो.

विकण्याच्या या युक्त्या आजच्या नाहीत. अमेरिकेत शिकागोला बेन हर्श नावाचा माणूस होता, ज्याच्या पॉलिशचं पुढे टर्टल वॅक्स झालं. १९४० च्या दशकात तो बेसबॉलच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचं एकच मडगार्ड चमकवायचा आणि मालक बाहेर येईपर्यंत थांबून राहायचा. एक मडगार्ड चकचकीत झालं की उरलेली गाडी मळकी वाटणारच! मला त्या माणसाचं कौतुक वाटतं, निदान तो स्वतःच्या हाताने घासत होता आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत होता.

माझ्या पोटात गोळा आला तो मात्र जाहिरातीतल्या पहिल्याच दृश्याने. धुळीच्या गाडीवर फवारा मारून सरळ पुसायचं! तळेगाव-चाकण रस्त्यावरून कंटेनरच्या मागे अर्धा तास गाडी हाकलीस की बॉनेटवर जे बसतं त्यात माती आहे, वाळूचे कण आहेत, मोशीकडच्या खाणींची दगडाची भुकटी आहे, आणि एमआयडीसीतल्या फौंड्र्या, ग्राइंडिंगची शेड यांतून उडालेला लोखंडाचा चुराही आहे. त्यावर दोन फवारे मारून कापड फिरवलं की तो सगळा चुरा कापडाखाली धरून तू चाळीस मायक्रॉनवर घासलास. त्या दिवशी काही दिसत नाही, कारण ओरखडे त्याच द्रवाने भरलेले असतात. ते वाहून गेलं की दुपारच्या उन्हात काळ्या, निळ्या गाडीवर गोल गोल बारीक रेघांचं जाळं उठतं, माणूस म्हणतो रंग उतरला, आणि पुन्हा बाटली मागवतो. धुळीवर वापरलेली बाटली स्वतःचं गिऱ्हाईक असं स्वतःच तयार करते.

तुमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे दादा येतात, त्यांचंही तेच. एक बादली, एक फडकं आणि ओळीने उभ्या गाड्या. पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. त्यांना बोलू नकोस गं, त्यांना एका गाडीमागे मिळतात किती आणि वेळ मिळतो किती! तू आपली दोन मायक्रोफायबरची कापडं त्यांच्या हातात दे, आमची गाडी एवढ्यानेच पुसा म्हण, आणि नुसती कोरडी पुसणार असाल तर राहू द्या म्हण. पैसे मात्र पूर्ण दे.

बाटलीचा मोह आपल्याच भागात का वाढला, तेही मला कळतं. नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतंय, मोशी-चिखलीकडे टँकरच्या रांगा लागतात, अशा वेळी ‘पाण्याशिवाय धुलाई’ ऐकून कुणालाही बरं वाटेल. पाण्याला जपणारं तुझं मन मला मोलाचंच आहे. पण पाइप सोडून गाडी धुवायची नाही म्हणजे कोरडीच घासायची असं थोडंच आहे. दोन बादल्या पाणी पुरे. आधी नुसत्या पाण्याने वरून धूळ सुटी करून खाली घालवायची, मग एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि फडकं शाम्पूत बुडवायच्या आधी दर वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं. सुरुवात टपापासून, शेवट दाराच्या खालच्या पट्टीवर, आणि चाकांचं फडकं वेगळं. भांड्यांचा साबण नको, तो तेलकटपणासोबत मेणही ओढून नेतो.

आणि हे सगळं उजाडता उजाडता कर. यात म्हाताऱ्याचा हट्ट नाही, पत्रा तेव्हा गार असतो. उन्हात तापलेल्या बॉनेटवर बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी पडलं की थेंब जागच्या जागी वाळतात आणि क्षारांचे पांढरे डाग बसतात. बाटली मारून पाण्याचे टपोरे थेंब उभे केलेले असतील तर डाग जास्तच उठून दिसतात. लवकर उठलीस की पाणीही सापडतं, सावलीही सापडते, आणि कोरड्या कापडाने टिपून घ्यायला वेळ हाताशी राहतो. कबुतराची, कावळ्याची विष्ठा दिसली तर मात्र रविवारची वाट पाहू नकोस. उन्हात ती क्लिअर कोटमध्ये उतरते, तेव्हा ओलं फडकं थोडा वेळ ठेवून मऊ करून अलगद उचल. जपून काम करायला सांगणारा मी, पण एवढं एक काम लगेच करायचं.

पैशाचंही सांगतो. अर्ध्या लिटरची बाटली चारशे-पाचशेपासून हजाराच्या वर जाते. तेवढ्यात चांगली चार कापडं आणि वर्षभर पुरेल एवढा शाम्पू येतो, आणि हौस असेल तर मेणाची एक डबी, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीला एकदा हाताने लावायला. बाटली हातात पडलीच कुठे, तर मागची बारीक अक्षरं आधी वाच, उत्पादकाचं नाव-पत्ता, किती मिलिलिटर, छापील किंमत. नाव-पत्ताच नसेल तर परत ठेव. फसलेलं कुणी भेटलं तर त्याला ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर दे. भुलवणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करायची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे.

तर माझं म्हणणं असं, की ही बाटली घेऊ नकोस. दसऱ्याला झेंडूचा हार घालायच्या आधी गाडी जरा झळकावी असं वाटलंच, तर साधी, छोटी बाटली घे, हिरे आणि ज्वाळा नसलेली, आणि ती धुऊन पुसलेल्या गार गाडीवरच मार. स्टिअरिंगवर, पेडलवर, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या डिस्कवर तिचा एक थेंबही जाऊ देऊ नकोस, तिथे निसटलं तर जिवावर बेतेल. फवारा थेट गाडीवर न मारता कापडावर मार, म्हणजे तो भलतीकडे उडणार नाही.

तुझा,
आबा