कर आणि करा

जाफराबाद तालुक्यातलं कोणतंही जुनं गाव घ्या. निजामाच्या राज्यात दवंडी देणारा महार, मयताचा सांगावा घेऊन परगावी पळणारा महार. गावाचं सारं बोलणं त्याच्या पायांनी चालायचं. त्याचं स्वतःचं बोलणं मात्र चावडीच्या पायरीखालीच थांबायचं. तोंड आमचं, शब्द त्यांचे.

1993 साली 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली. सरपंचपदसुद्धा राखीव झालं. आमचा माणूस खुर्चीत बसला. पण कित्येक गावांत ठराव आधी पारावरच ठरतो आन् प्रोसिडिंग बुक रातच्याला घरी येतं. "इथं सही कर." 'करा' न्हाई, 'कर'. एका कान्याचा फरक. त्या कान्यात सारी जात बसलीय.

मग म्हणतात, "सभेत हा बोललाच नाही, म्हंजे कबूल."

दोस्तहो, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचाच निरोप सांगायला लावला, त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणायची काय? बाबासाहेबांनी 1920 साली पत्राचं नाव 'मूकनायक' ठेवलं. मुका माणूस वेगळा, मुका केलेला माणूस वेगळा.

म्हणून पुढच्या खेपेला बुक दारात आलं, तर एवढंच म्हणा : उद्या सभेत सगळ्यांसमोर वाचा. मग सही.