कांबळं पांघरल्यानंतर

ग्वाल्हेरची थंडी पाहुण्याला पहिल्याच रात्री कळते. डिसेंबर सरता सरता धुकं उतरतं, सकाळचे दहा वाजले तरी ऊन पडत नाही, पारा चार-पाच अंशांवर येऊन बसतो. त्या दिवसांत स्टेशनबाहेर, जयारोग्य रुग्णालयाच्या आसपास, अचलेश्वराच्या देवळाजवळ आणि बाड्यावरच्या बंद दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं अंगाचं मुटकुळं करून झोपलेली असतात. कांबळी वाटणारेही नेमके तेव्हाच बाहेर पडतात. व्यापारी मंडळं, कॉलेजातली मुलं, गुरुद्वाऱ्यातली सेवेकरी मंडळी आणि नाताळच्या आगेमागे चर्चमधली तरुण मुलंमुली. आमच्या गावात देणाऱ्यांची वानवा नाही, याचा मला अभिमान आहे.

पण पायरीवर झोपणाऱ्याची सकाळ कशी उजाडते ते बघा. दुकानाचं शटर वर जायच्या आत त्याला उठावं लागतं. रात्री मिळालेली दोन कांबळी खांद्यावर घेऊन तो दिवसभर हिंडू शकत नाही. हमालीला उभा राहिला तर ती ठेवणार कुठे? भिंतीआड ठेवली तर कुणी तरी उचलतं, नाही तर कचऱ्याची गाडी नेते. मग तो एक कांबळं मिळेल त्या भावाला विकून टाकतो आणि बघणारे म्हणतात, यांना द्यायचं तरी कशाला! ज्याच्या घरात माळा आहे, कपाट आहे, त्याला ही अडचण सुचतच नाही. ती कळायची तर त्याच माणसाकडे पुन्हा जावं लागतं, आणि फेब्रुवारीत थंडी ओसरल्यावरही जावं लागतं.

म्हणून मला रविवारी संध्याकाळी येणाऱ्या एका लहानशा गटाबद्दल लिहावंसं वाटतं. संस्था नाही, फलक नाही, पगार कुणालाच नाही. चर्चमधली प्रार्थना आटोपून पाच-सहा जण येतात. त्यांच्यात एक परिचारिका आहे, एक शाळेत शिकवते, बाकीची शिकणारी मुलं. ती परिचारिका रस्त्यावर उकिडवी बसून एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी सोडवत होती, ते मी जवळून पाहिलं. पट्टी जखमेला चिकटलेली होती. तिने ती ओढली नाही. सलाइनच्या पाण्याने थेंब थेंब भिजवत, कडेकडेने सुटी करत राहिली. बाबांनी तोवर पन्नीत गुंडाळलेली दवाखान्याची चिठ्ठी काढून दिली. चिठ्ठीवर मंगळवार लिहिला होता आणि बाबा गेले नव्हते. ती चांगलीच रागावली. बाबा ओशाळून हसले. त्या रागावण्याने मला जे सांगितलं ते कांबळ्यांच्या शंभर गाठोड्यांनी सांगितलं नसतं. या माणसाचा मंगळवार कुणाच्या तरी लक्षात होता.

ओळखीचं हे मोल ग्वाल्हेरच्याच एका घटनेने देशभर पोहोचवलं होतं. नोव्हेंबर २०२०, पोटनिवडणुकीच्या मतमोजणीची रात्र. दोन पोलीस अधिकाऱ्यांना रस्त्याच्या कडेला एक भिकारी थंडीने कुडकुडताना दिसला. एकाने बूट दिले, दुसऱ्याने अंगातलं जाकीट. ते निघाले, तेव्हा त्याने त्यांना नावाने हाक मारली. तो त्यांच्याच तुकडीतला, १९९९ साली त्यांच्याबरोबर पोलीस दलात भरती झालेला उपनिरीक्षक होता. मन बिघडलं, नोकरी सुटली, घर सुटलं, आणि तो वर्षानुवर्षं असाच भटकत राहिला. पुढे त्याला एका आश्रमात नेलं, उपचार सुरू झाले. वर्तमानपत्रांनी या योगायोगाचं फार कौतुक केलं. मला त्यातली हाक महत्त्वाची वाटते. जाकीट तर अनोळखी माणसालाही मिळालं होतं. आश्रम, उपचार, जुन्या सोबत्यांची धावपळ हे सारं ओळख पटल्यावर आलं. पायरीवरच्या बाकीच्यांना हाक मारायला पोलिसातला दोस्त नाही. त्यांची ओळख कुणी तरी मुद्दाम, चिकाटीने, रविवारमागून रविवार करून घ्यावी लागते.

ख्रिस्ती माणूस हे का करतो? त्याच्या धर्मग्रंथात न्यायाच्या दिवसाचं जे वर्णन आहे, त्यात राजा एवढंच विचारतो, की उपाशी, उघडा, परका, आजारी, तुरुंगातला माणूस तुमच्यापुढे आला तेव्हा तुम्ही काय केलंत. आणि त्या प्रत्येकात मीच होतो असं सांगतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. रामेश्वरासाठी आणलेली कावडीतली गंगा संत एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली, ही गोष्ट मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं दाता बंदी छोड गुरुद्वारा ज्या आठवणीवर उभा आहे ती तर याच मातीतली. जहांगिराच्या कैदेतून सुटका मिळत असताना गुरू हरगोविंदांनी एकट्याने बाहेर पडायला नकार दिला आणि बावन्न कैदी राजांना बरोबर घेऊनच ते बाहेर आले.

तरीही समोरच्यात देव पाहण्याच्या या थोर कल्पनेत एक धोका मला दिसतो. देव दिसला की माणूस दिसेनासा होऊ शकतो. मग तो माझ्या भक्तीची पायरी होतो, जसा दान-पुण्याच्या हिशेबात तो पुण्याची पायरी होतो. त्याच्या दुखऱ्या दातापेक्षा माझी कृतार्थता मोठी होते. उपाशी माणसाला देव व्हायचं नसतं, त्याला रेशनकार्ड हवं असतं, आणि त्या कार्डासाठी पत्ता लागतो, जो त्याच्याकडे नाही. सेवेला बसलेल्याने माणसाची ही गरज विसरली की त्याच्यात देव पाहणं पोकळ होतं.

हे ज्यांना अंगावरच्या अनुभवाने ठाऊक होतं अशा एका बाईंची आठवण इथे होते. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि मोठी बहीण १८७४च्या आसपास दुष्काळात उपासमारीने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास त्यानंतर वर्षानुवर्षं पायी हिंडले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले, त्यात निजून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली आणि डोकी तेवढी बाहेर ठेवली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. संस्कृतच्या पंडिता म्हणून कलकत्त्यात त्यांचा गौरव झाला तो त्यानंतर, १८७८ साली. पुढे १८९६–९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात, नर्मदेकाठच्या सोहागपूर भागात गेल्या, दुष्काळी छावण्या पाहिल्या आणि तिथून निराधार मुली, विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. रमाबाईंनी कुणाला आसरा दिला तेव्हा वाळूचं वजन त्यांच्या अंगाला आठवत असणार, असं मला नेहमी वाटतं. बेघर माणसाबद्दल त्यांच्या लिखाणात उपकाराचा सूर सापडत नाही.

पण रमाबाईंचं नाव घेतलं की धर्मांतराचा विषयही काढावाच लागतो. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर रमाबाईंच्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडं ठेवत, मुली येऊन बसत, आणि काही जणी ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या गेल्या, हा आक्षेप होता. रानडे-भांडारकर हे धर्मवेडे नव्हते, म्हणूनच त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. जी मुलगी अन्नवस्त्रासाठी तुमच्यावर अवलंबून आहे, तिच्यापुढचं उघडं दार पूर्ण उघडं नसतं. समोरचा जितका अगतिक, तितकं देणाऱ्याने आपल्या श्रद्धेबद्दल कमी बोलावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कांबळं देणाऱ्या हातात पत्रक असू नये. कुणी विचारलं, तुम्ही हे का करता, तर खरं उत्तर जरूर द्यावं. विचारल्याशिवाय देऊ नये.

आमच्या राज्यात हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातही जुना आहे. मिशनरी कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६चा, धर्मस्वातंत्र्य अधिनियम १९६८चा. त्या कायद्याला दिलेलं आव्हान १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात फेटाळलं गेलं, आणि धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निकाल मिळाला. २०२१च्या नव्या कायद्याने प्रलोभनाची व्याख्या इतकी रुंद केली, की भेटवस्तू, नोकरी, शिक्षण, चांगल्या राहणीचं आश्वासन, सारं तिच्यात बसतं. जबरदस्तीला आणि फसवणुकीला शिक्षा हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण या रुंद व्याख्येच्या सावलीत रस्त्यावर डाळभात वाढणारा मुलगासुद्धा संशयित ठरतो. त्याला हटकणारे कुणी तरी असतातच. जनगणनेनुसार मध्य प्रदेशात ख्रिस्ती शंभरात एकही नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलणारेही थोडेच. याच ग्वाल्हेरात शिंद्यांच्या पदरी फिलोज घराण्यातल्या ख्रिस्ती पुरुषांनी पिढ्यानपिढ्या चाकरी केली, जयविलास महालाचा आराखडा मायकेल फिलोज यांचा, हे शहराच्या लश्कर भागातल्या मराठी माणसाने तरी विसरू नये.

संशय घेणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: एका कांबळ्यासाठी हा माणूस आपला देव सोडून देईल, असं तुम्ही कशावरून ठरवलंत? पायरीवरच्या म्हाताऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ तुम्ही पाहिलीत का? घर गेलं, मुलांनी टाकलं, दात पडले, तरी ती माळ त्याने जपली आहे. त्याची श्रद्धा इतकी स्वस्त समजणं हा त्याचाच अपमान आहे.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. पगार सोडल्यावरच आपल्या शब्दाला वजन येईल, हे त्यांना उमगलं होतं. रविवारी येणाऱ्या मंडळींचं बळही तेच आहे. त्यांच्याकडे वरून कुणी धर्मांतराचा आकडा मागत नाही.

आजच्या महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर नवीन पनवेलजवळचा सील आश्रम पाहावा. पास्टर के. एम. फिलिप यांनी १९९९ साली तो सुरू केला. मुंबईच्या रस्त्यांवरून, स्टेशनांवरून मरायला टेकलेली माणसं तिथे आणतात. काहींच्या जखमांत किडे झालेले असतात, ते काढावे लागतात. केसांच्या जटा कापाव्या लागतात. या कामाला पोट घट्ट लागतं. माणूस सावरला की त्याचं गाव शोधायचं आणि त्याला त्याच्या माणसांत नेऊन सोडायचं, हा या कामाचा मोठा भाग आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था मनोरुग्णांसाठी हेच करते, तिथे चर्चचा संबंध नाही. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषध लागू पडलं की गप्प राहिलेला माणूस बोलू लागतो, बोलीचा हेल कळतो, नदीचं किंवा बाजाराचं नाव निघतं आणि त्यावरून जिल्हा सापडतो. ज्याला माणूस आपल्या कळपात ओढायचा आहे तो त्याला परत धाडण्यासाठी इतका खटाटोप करेल का? बरा झालेला माणूस आपल्या घरी, आपल्या देवघरापुढे जाऊन उभा राहतो. सेवा निर्मळ आहे की नाही याची याहून चांगली पारख मला माहीत नाही.

मात्र स्वयंसेवकांचं कौतुक करताना सरकारला सूट देऊ नये. शहरी वस्तीच्या दर एक लाखामागे किमान शंभर जणांचा कायमचा निवारा हवा, असं केंद्राच्या योजनेतच लिहिलेलं होतं. ग्वाल्हेरची वस्ती २०११ सालीच दहा लाखांवर होती. म्हणजे हजार माणसांची सोय. त्याऐवजी शहरांना घाई असते ती ही माणसं नजरेआड करण्याची. स्वच्छतेत देशात पहिल्या येणाऱ्या इंदूरमध्ये जानेवारी २०२१ मध्ये पालिकेच्या गाडीतून म्हाताऱ्या बेघरांना शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवून दिलं. गावकऱ्यांनी हटकलं, मोबाइलवर चित्रण केलं, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत घालून परत नेलं. २०२५ साली इंदूर आणि भोपाळमध्ये भीक देणंही गुन्हा ठरवणारे आदेश निघाले. असं काही घडतं तेव्हा रविवारच्या मंडळींचा एक उपयोग असा, की बाबा पायरीवर दिसले नाहीत तर ते कुठे गेले, असं विचारणारं कुणी तरी असतं. दवाखान्यात चौकशी होते, निवाऱ्यात होते, चौकीवर होते.

कांबळ्यांचं वाटप बंद करा, असं मी म्हणत नाही. वाटणाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं. देऊळ, गुरुद्वारा, चर्च, कुणीही एक खोली द्यावी, जिथे सकाळी गाठोडं ठेवून संध्याकाळी परत घेता येईल. आणि मे महिन्याचा विचार व्हावा. तेव्हा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्याच पायऱ्यांवर हात टेकवत नाही, आणि वाटपाची एकही गाडी दिसत नाही. रविवारचा गट तेव्हाही येतो, क्षारसंजीवनीची पाकिटं आणि पाण्याचे जार घेऊन. परीक्षा आणि सुट्ट्या यांमुळे माणसं मात्र निम्मीच असतात. त्या निम्म्या जागा भरायला कुणी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. संध्याकाळचे दोन तास लागतात, आणि पट्टी कशी सोडवायची ते शिकवायला ती परिचारिका तयार आहे.