स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ?

पन्नाशीनंतर माणसाने काय करावे, याबद्दल आपल्याकडे भरपूर लिहून ठेवले आहे. पण साठीच्या उंबरठ्यावर इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बदलावा की नाही, याविषयी एकाही ऋषीने चकार शब्द काढलेला नाही. त्यामुळे हा प्रश्न मला एकट्यालाच सोडवावा लागला.

माझी गिटार जुनी. कॉलेजात घेतली, गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बडवली आणि बँकेत अधिकारी झाल्यावर कपाटावर चढवली. मी निवृत्त झालो तशी ती खाली उतरली. तिला दोन पिकअप. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले लोहचुंबक आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते, ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते आणि शेजारी बेल वाजवतात. एक पिकअप घोडीजवळ, त्याचा आवाज टोकदार. दुसरा मानेजवळ; तिथे तार जास्त झुलते, म्हणून आवाज जाडसर, गोल. माझ्या गिटारचा आवाज मात्र इतका गोल, की त्याला शेंडाही नाही आणि बुडखाही नाही. रजईत तोंड खुपसून कुणी मंगलाष्टके म्हणावीत तसा. चार तारा एकदम छेडल्या की खिचडी.

हा पिकअप 'हंबकर' जातीचा. विजेच्या दिव्यांची, पंख्यांची जी घूं घूं वाद्यात शिरते, ती मारणारा. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या गृहस्थांनी अमेरिकेत 1955 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. युक्ती साधी. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी. दोघांचे ध्रुव उलटे, जोडणीही उलटी. बाहेरची घूं घूं दोघांतून उलटसुलट निघते आणि एकमेकीला खाऊन टाकते. तारेचा स्वर मात्र दोनदा उलटा होऊन सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. हे वाचल्यावर मला आमच्या आईवडिलांचा संसारच समजला.

पेटंट मिळाले 1959 साली. पण 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' ही चिठ्ठी पिकअपच्या पाठीवर त्यानंतरही काही वर्षे चिकटतच राहिली. पुढे नंबर छापला, तोही भलत्याच पेटंटचा, तारा अडकवायच्या पट्टीचा! नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी, असे म्हणतात. म्हणजे आवाज निवळ करणाऱ्यांनाही सगळेच निवळ सांगायचे नव्हते. मला जरा धीर आला.

गिटार घेऊन मी एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हटलं, "मानेकडचा आवाज स्वच्छ पाहिजे."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "काका, स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ?"

बँकेत इतकी वर्षे काढली, पण इतका अवघड प्रश्न मला ऑडिटरनेही विचारला नव्हता. मग त्यानेच समजावले. वेढे जास्त घातले की आवाज मोठा होतो, पण वरचे बारीक सूर मरतात. वेढे कमी केले की आवाज लहान, पण तार न् तार वेगळी. "सात-साडेसात किलोओहमच्या आसपासचा घ्या. आणि आवाजाचं बटण पाचशेचं ठेवा. अडीचशेचं असलं की धार जाते. पण एक सांगू? स्वच्छ पिकअपमध्ये चुकाही स्वच्छ ऐकू येतात. लोक हौसेनं लावून नेतात, आणि महिन्याभरात येऊन म्हणतात, जुनाच बसवून दे."

ते वाक्य घेऊन मी घरी आलो आणि रात्री मला झोप आली नाही.

कारण माझा एक मित्र. वीसेक वर्षांपूर्वी त्याने चांगली नोकरी सोडून दुकान काढायचे ठरवले आणि हिशेबाचे कागद घेऊन तो माझ्याकडे आला. मी बँकेतला माणूस. कागद पाहताच मला दिसले, की भाडे आणि व्याज जाऊन हातात काही उरणार नाही. तोंडावर सांगायचे कसे? त्याची बायको चहाचा कप हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "कल्पना छानच आहे. पण बघ बाबा, नीट विचार कर." हे माझे दोन वेटोळ्यांचे बोलणे. एकात 'हो', दुसऱ्यात 'नको'. घूं घूं अजिबात नाही. फक्त इथे घूं घूंबरोबर स्वरही मेला होता. त्याला ऐकू आले 'छानच आहे'. दोन वर्षांत दुकान बंद झाले, फंडही त्यातच गेला. तो मला कधी रागाने बोलला नाही. एकदाच, सहज म्हणाला, "तू तर हो म्हणाला होतास."

कुणाचे मन मोडू नये म्हणून गुळमुळीत बोलणे हा चांगुलपणा, की आपल्याला वाईटपणा येऊ नये म्हणून केलेली सोय? मी इतकी वर्षे त्याला चांगुलपणाच समजत होतो. 'बघू', 'कळवतो', 'तसं वाईट नाही' यांवर आपला निम्मा व्यवहार चालतो. सगळेच खरे सगळ्यांना सांगत सुटावे, असेही नाही. सासुरवाडीच्या पुरणपोळीला खुली जवारी लावू नये. पण समोरचा आपल्या शब्दावर पाऊल टाकणार असेल, तर तिथे आवाज लहान असला तरी चालेल, तार न् तार वेगळी ऐकू आली पाहिजे.

पिकअप मी बदलला. तरीही आवाज थोडा गढूळच. दुरुस्तीवाल्याने स्क्रू ड्रायव्हरने दोन फेरे फिरवून तो खाली बसवला, आणि काय सांगू, आवाज उजळला! "तारेच्या फार जवळ गेला की नुसताच घुमतो," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात पुतण्याने मोबाइलवर आपले वादन पाठवले. "काका, नोकरी सोडून हेच करू का? खरं सांगा." मी तीनदा 'छान!' लिहिले आणि तीनदा पुसले. मग, त्याचा काका असल्याचे दोन फेरे विसरून, लिहिले : "हात गोड आहे. पण झटपट जागी तुझी लय पुढे पळते. आत्ता नोकरी सोडू नकोस."

तीन आठवडे फोन नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, काय गरज होती?" मलाही तेच वाटत होते.

चौथ्या रविवारी तो गिटार घेऊन दारात. त्या विषयावर एक शब्द नाही. मोबाइलवर टिकटिक लावली आणि वाजवायला बसला. अजूनही पळत होता, पण थोडा कमी. मग मी माझा नवा पिकअप ऐकवला. त्याने मान तिरकी करून दोनदा ऐकले.

"काका, एफच्या कॉर्डमध्ये तुमची दुसरी तार वाजतच नाही."

ऑर्केस्ट्रापासून आजपर्यंत मला हे कुणी सांगितले नव्हते. जुना पिकअप मी अजून फेकलेला नाही. पण बोट जरा घट्ट दाबायला लागलो आहे.