ओळख आणि वशिला

आपल्या मुलाला नोकरी लागली तर ती ओळखीने लागलेली असते. शेजाऱ्याच्या मुलाला लागली, तर वशिल्याने! विनोद सोडला, तरी या दोन शब्दांमधली सीमारेषा नेमकी कोठे आहे, हा प्रश्न उरतोच.

आम्हां रत्नागिरीकरांना तो टाळता येत नाही. डोंगरउताराची वरकस जमीन आणि पावसावरचे भात. घरातला एक तरी हात मुंबईला गेल्यावाचून कित्येकांची चूल पेटत नसे. भाऊच्या धक्क्यावर उतरलेला मुलगा गिरणगावातल्या आपल्या गावच्या खोलीवर जाई. तेथे दिवसपाळीची माणसे उठली, की त्यांच्या जागी रात्रपाळीची निजत. मग कोणी जाणता त्याला गिरणीतल्या जॉबरपुढे उभा करी आणि म्हणे, "आमच्या गावचा आहे." या तीन शब्दांना अर्जाहून अधिक वजन होते; कारण बोलणाऱ्याने त्यांत आपली पत गहाण टाकलेली असे. मुलगा कामचुकार निघाला, तर मान खाली जाई ती त्याची. ओळख म्हणतात ती हीच.

जॉबरने त्यासाठी दस्तुरी घेतली, की तिचा वशिला झाला. या प्रकाराला आळा घालण्यासाठी मुंबईच्या गिरण्यांत १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत आणावी लागली.

पण पैसा वगळला म्हणजे ओळख निर्मळ झाली काय? मला तसे वाटत नाही. विणकाम खात्यात पगार बरा मिळे. परंतु धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. त्यांचे मूळ गाव आंबडवे, तेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच! "आमच्या गावचा" म्हणणाऱ्यांचे गाव कोठे संपत होते, हे यावरून उमगते. तेथे लाच नव्हती, लबाडी नव्हती. अन्याय मात्र होता.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली; ओळखीची गरज मात्र सरली नाही. आज आंब्याच्या पेट्या स्वतः विकू पाहणाऱ्या किंवा पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधणाऱ्या तरुणालाही पहिले गिऱ्हाईक कोणाच्या तरी शब्दानेच मिळते. तो शब्द मागण्यात कमीपणा नाही. देणाऱ्याने मात्र, ज्याचे काम आपण पाहिले आहे त्याच्यासाठीच तो द्यावा. आणि घेणाऱ्याने तो ज्याच्याकडून मिळाला त्यालाच परत करू नये. ज्याच्यासाठी बोलणारे कोणी नाही, अशा एकासाठी खर्चावा.

या दिवाळीत फराळाला बसल्यावर "मुलाचं काय चाललंय?" हा प्रश्न घरोघर विचारला जाईल. ज्या घरी फराळाला आपण कधी जात नाही, तिथल्या मुलाची चौकशीही यंदा एकदा करून पाहावी.