पाठ केलेली आवड

सातवी-आठवीच्या मुलांकडून इंग्रजीच्या वार्षिक परीक्षेसाठी जे काही पाठ करून घेतले जाते, त्यातले एक वाक्य मला फार खुपते : मला ही कविता आवडते, कारण... त्या 'कारण'पुढचा मजकूरही पाठच असतो. तो फळ्यावरून उतरवलेला असतो किंवा गाइडमध्ये छापलेला. शीर्षक, कवी, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना आणि शेवटी आवडण्याचे कारण, असा रसग्रहणाचा साचा ठरून गेला आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांना कविता आवडते आणि सगळ्यांना ती एकाच कारणासाठी आवडते. नाही आवडली तर काय लिहायचे, असे कुणी विचारत नाही. आवडणे-नावडणे ही आपली स्वतःची गोष्ट आहे, हेच मुले तोवर विसरलेली असतात.

शिकवण्यातली ही किरकोळ उणीव आहे, असे मला वाटत नाही. दुसऱ्याने दिलेले मत आपले म्हणून मांडायला आपण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शिकवतो आणि ते जितके हुबेहूब उतरेल तितके गुण देतो. घरात त्याने असे केले तर आपण त्याला दटावू, खोटे बोलू नकोस म्हणून सांगू. वर्गात त्याच गोष्टीला आपण परीक्षेची तयारी म्हणतो.

गोरेगावात हे फार जवळून दिसते, कारण इथे एकाच स्टेशनाच्या दोन बाजूंना सगळ्या तऱ्हेच्या वस्त्या आणि सगळ्या तऱ्हेच्या शाळा आहेत. पूर्वेला गोकुळधामचे टॉवर, संतोष नगर, त्यापलीकडे आरेतले पाडे. पश्चिमेला जवाहर नगर, मोतीलाल नगर, भगतसिंग नगर. कुठे महापालिकेची शाळा, कुठे अनुदानित मराठी शाळेतला सेमी-इंग्रजीचा वर्ग, कुठे आईवडिलांचा अर्धा पगार खाणारी इंग्रजी माध्यमाची शाळा. फी वेगळी, गणवेश वेगळे, बाके वेगळी. इंग्रजीची निबंधवही मात्र मी जिथे जिथे उघडून पाहिली तिथे जवळजवळ एकच निघाली. थंड हवेच्या ठिकाणची सहल, छत्रीचे आत्मवृत्त, माझा आवडता छंद. महाबळेश्वर कधी न पाहिलेली मुलगी तिथल्या धुक्याचे वर्णन करते आणि धुक्याला लावलेले विशेषणही तिच्या शेजारणीच्या वहीतलेच असते. आरेच्या पाड्यातला मुलगा प्राणिसंग्रहालयाच्या भेटीवर दहा ओळी पाठ करतो. त्याच्या घरामागे रात्री बिबट्या येऊन जातो, कुत्री कशी एकदम गप्प होतात हे त्याला ठाऊक आहे, आई कोणत्या वेळेनंतर बाहेर जाऊ देत नाही हेही ठाऊक आहे. वर्गात कुणीही पाहिले नाही ते त्याने पाहिले आहे. पण ते त्याला कुणी विचारलेले नाही, आणि त्याने आपणहून लिहिलेच तर त्याखाली लाल शाईने विषय सोडून लिहिल्याचा शेरा येईल.

एप्रिल आला की ही सगळी व्यवस्था घाईला येते. पोर्शन संपवायचा, वह्या पूर्ण करायच्या, तपासून घ्यायच्या, प्रोजेक्ट जमा करायचा. प्रोजेक्टची चित्रे आणि मजकूर झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. परीक्षा होते, १ मेला निकाल लागतो आणि मे महिन्याच्या कुठल्यातरी रविवारी वर्षभराच्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. त्या देताना ना मुलाच्या जिवाला काही वाटते ना आईच्या, कारण त्यांत राखून ठेवावे असे मुलाचे काहीच नसते. दोनशे पाने लिहून झाली आणि त्यांतले एक पानही त्याचे नाही, ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही चुकते आहे असे वाटतही नाही. आता मोबाइलला विषय सांगितला की निबंध तयार मिळतो, म्हणून पालक धास्तावले आहेत. पण स्वतः लिहायचे नसते, हा धडा आपण मुलांना मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी दिला आहे.

इंग्रजी आपल्याकडे कशासाठी आली, याचा थोडा तरी विचार व्हायला हवा. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माउली म्हटले, ते नोकरीच्या अर्जाकडे पाहून नव्हे. ज्यांना बोलण्याची मुभाच नव्हती त्यांना ती या भाषेतून मिळेल, अशी त्यांची आशा होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सर्वसामान्यांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली, ते निवेदन इंग्रजीतच होते. सरकारला समजेल अशा भाषेत सरकारला प्रश्न विचारायचा, हा त्यांचा इंग्रजीचा उपयोग.

आणि शाळकरी मुलीने लिहिलेला निबंध किती दूर पोचू शकतो, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'ने छापला. तो मराठीत आहे. पण इंग्रजीच्या शिक्षकांनीही तो आधी वाचावा. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांना थंडीवाऱ्यात काय सोसावे लागते, हे तिने लिहिले आहे. ज्या धर्मग्रंथांचा अधिकार आम्हाला नाही तो धर्म आमचा कसा, असे तिने सरळ विचारले आहे. या मुलीला शाळेत येऊन फार वर्षे झाली नव्हती. तिच्या गुरुजनांनी तिला अस्पृश्यतेवर दहा मुद्दे फळ्यावर लिहून दिले असते, तर ते तिने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले असते, आणि आज तिचे नावही आपल्याला माहीत नसते. जे तिने भोगले होते त्याच्यावर तिला लिहू दिले गेले, आणि लिहिले तसे ते लोकांपुढे ठेवले गेले. शिक्षक म्हणून फुल्यांचे मोठेपण मला इथे फार जाणवते.

दुसरे उदाहरण गोरेगावचेच आहे आणि अगदी अलीकडचे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे तोडायला सुरुवात झाली. दोनच दिवसांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवण्याचा आदेश दिला. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती, हे खरे आहे आणि दुःखाचे आहे. कारशेड कुठे व्हायला हवी होती, यावर गोरेगावात आजही दोन मते आहेत. पण एका पत्राने देशाचे सर्वोच्च न्यायालय सुटीत बसले, हे आरेच्या आसपास शिकणाऱ्या किती मुलांना पत्रलेखनाच्या तासाला सांगितले गेले? त्या तासाला काय असते? पत्ता कोणत्या बाजूला, तारीख कुठे, मायना कसा, खाली स्वल्पविराम की नाही. याला गुण असतात. पत्र कुणाला लिहायचे, का लिहायचे, उत्तर नाही आले तर काय करायचे, याला गुण नाहीत, म्हणून त्यावर बोलणेही नाही.

यावर शिक्षकांकडून येणारे उत्तर मला माहीत आहे आणि ते मी हलके मानत नाही. सर, मुलांना धड एक वाक्य वाचता येत नाही, आणि तुम्ही त्यांना मनातले लिहायला सांगता? 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी ४६.७ टक्केच मुले साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकली. हे आकडे मुंबईचे नाहीत, पण महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना ते अनोळखी वाटणार नाहीत. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सात-आठ वर्षे भाषा कानावर पडून, वहीत उतरवूनही मूल वाक्यापाशी अडते. मग प्रश्न उलटा विचारायला हवा. इतकी वर्षे उतरवून घेऊन वाचता आले नाही, तर आणखी उतरवून घेतल्याने ते कसे येईल? ज्या वाक्याचा अर्थ आपल्याला लागत नाही आणि जे आपण कधी कुणाला म्हणणारही नाही, ते वाक्य डोक्यात राहत नाही. स्वतःच्या आजीबद्दलचे, बिबट्याबद्दलचे, गर्दीत चुकलेल्या लोकलबद्दलचे वाक्य चुकीचे असले तरी राहते, आणि राहते म्हणूनच ते पुढे सुधारता येते.

चुकांचे भय हा या सगळ्याचा पाया आहे. पालकांना वही स्वच्छ हवी, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ती पूर्ण हवी, मुख्याध्यापकांना तिच्यात चूक नको. हे सगळे एकदम मिळवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे सगळ्यांनी फळ्यावरचे उतरवणे. बाई असे का करतात, याचा दोष एकट्या बाईंच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. निवडणुकीचे काम, ऑनलाइन माहिती भरणे, वर्गात पन्नासच्या वर मुले, आणि प्रत्येक वहीत प्रत्येक चूक लाल शाईने दाखवलीच पाहिजे हा दंडक. हा दंडक आधी जायला हवा. मुलाच्या स्वतःच्या पानावर एका वेळी एकच चूक दाखवावी, एकच प्रश्न विचारावा. बाकीच्या चुकांना थांबू द्यावे. त्याने बाईंचा वेळ वाचेल आणि मुलाची हिंमतही.

कायदाही याच बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मूल भीतीपासून मुक्त असावे आणि त्याला आपली मते मोकळेपणाने मांडता यावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि तिथे वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टीची पुस्तके हवीत, असे लिहिले आहे. गोष्टीची पुस्तके हा शब्द कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम घातला, याचे मला फार अप्रूप वाटते. तरीही कितीतरी शाळांत पुस्तकांचे कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात असते. पुस्तके फाटतील म्हणून मुलांना दिली जात नाहीत. फाटू द्यावीत. मुलांच्या हातात झिजलेले पुस्तक आपले काम करून गेलेले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, वर्षाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाने इंग्रजीतले एक पुस्तक स्वतः निवडून पूर्ण वाचावे. सोळा पानांचे चित्रांचे असले तरी चालेल, सातवीच्या मुलाने दुसरीच्या पातळीचे उचलले तरी त्याला हसू नये. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अशी पुस्तके २०१५ पासून फुकट आहेत, त्यांतली पुष्कळ मराठीतही आहेत. आधी मराठीत वाचून मग इंग्रजीत वाचले तर त्यात काही गैर नाही. पुस्तकावर वर्गात बोलणे मराठीत होऊ दे, हिंदीत होऊ दे. गल्लीतली भाषा वर्गाच्या दारात काढून ठेवायला लावू नये. मग प्रत्येकाने एक पान लिहावे. पुस्तक आवडले नाही, हेही त्यात लिहिता आले पाहिजे. या पानाला गुण नकोत. गुण आले की गाइड आलेच.

या पानांचे काय करायचे, हेही आपल्या शाळांना नवे नाही. वर्षाअखेरचे हस्तलिखित ही मराठी शाळांची जुनी रीत. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. ती रीत आता बहुतेक ठिकाणी बंद पडली, कारण तिचे प्रगतिपुस्तकात रकाने नाहीत. इंग्रजीच्या तासाने ती पुन्हा सुरू करावी. वर्गाचे एक हस्तलिखित बांधावे, चुकांसकट, आणि १ मेला निकाल घ्यायला येणाऱ्या आईवडिलांना मुलाने आपले पान वाचून दाखवावे. आईला इंग्रजी येत नसेल तर त्याने ते मराठीत सांगावे.

शाळा हे आपणहून करतील याची वाट पाहायला नको. विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असायला हवेत, हा कायदा आहे. गोरेगावातल्या पालकांनी मार्चच्या बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात : ग्रंथालयाच्या कपाटाची चावी कुणाकडे असते, या वर्षी मुलांनी किती पुस्तके घरी नेली, आणि माझ्या मुलाने कुणाचे न बघता लिहिलेले एक इंग्रजी पान मला दाखवाल का. ही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, खाली सह्या घ्याव्यात, आणि जूनमध्ये शाळा उघडली की ते इतिवृत्त घेऊन पुन्हा जावे.